बाराचं कुलूप

चुलीवर कालवण ठेवून नागूबाई मिठाला पळत आली, तर शिवशंकरप्पा भरदुपारी दुकानाला कुलूप घालत होते. तिचं डोस्कंच फिरलं. पण तिच्याआधी त्यांचा दोस्त हावगेप्पाच त्यांच्यावर घसरला, म्हणून ती कट्ट्यावर टेकली.

“कामून बंद करायलास, अण्णा? निजामाचं राज्य गेलं, पर तुजं दुकान दुपारचं कवा बंद न्हवतं!”

“आता रोज बाराला बंद. उघडणार चारला.”

“घरात कुणी बीमार हाय का?”

“न्हाई रे. परवा घरी जेवायला गेलो, तर धाकटी आईला सांगायली, ‘अव्वा, सावकार आलाय!’”

“मग? सारं गाव तुला सावकारच म्हणतंय.”

“गाव म्हणू दे की. ती माजी तीन वर्साची लेक हाय!”

“पर कायक म्हंजे कैलास, कामातच देव, म्हणतो न्हवं आपण?”

“व्हय. पर कैलासात शंकर पार्वतीपाशी बसलाय, लेकरं मांडीवर घेऊन. तराजू धरून उभा न्हाई.”

“बरं, आता तरी बापाला अप्पा म्हणती का?”

“म्हणती की. शेजारच्या ईरण्णालाबी अप्पाच म्हणती. सर बाजूला, उशीर व्हायलाय मला.”

किल्ली कनवटीला खोवताना त्यांना कट्ट्यावरची नागूबाई दिसली.

“तुला काय पायजे व्हतं ग?”

नागूबाईनं मिठाची रिकामी वाटी पदराखाली घेतली.

“काय न्हाई, अप्पा. तुमी जावा घरी.”