डबा मांडीवरच राहील

नाही, मी उतरणार नाही. गोपाळ, झरीच्या स्टँडवर या घटकेला तुझी एकच काळी-पिवळी उभी आहे, परभणीच्या दवाखान्यात भेटीची वेळ सहाला संपते, आणि डब्यात काय आहे हे तू विचारलेस म्हणून मी खरे ते सांगितले — बकऱ्याच्या पायांचा रस्सा आहे. भाजी म्हणाले असते तर एव्हाना आपण अर्ध्या वाटेवर असतो. तुझे नवरात्र आहे, तू अनवाणी आहेस, समोर देवीचा फोटो आहे — मला दिसते. पण टॅक्सीच्या परवान्यावर असे कुठे लिहिले आहे का, की नऊ दिवस अमुक प्रवासी घ्यावा आणि तमुक उतरवावा? दाखव, मी जुनी मॅट्रिक आहे, वाचते. नाही ना? उपवास तुझा आहे, गाडीचा नव्हे. काल शेखबाईंना उतरवलेस — त्यांच्या पिशवीत काय होते हे तरी विचारलेस का? आज निदान मला विचारलेस.

सरजाबाई तुला ठाऊक आहे. एकतीस वर्षे माझ्याकडे धुणीभांडी केली तिने. खुबा मोडून पडली आहे, चार दिवस घास गिळत नाही, आणि काल तिची सून नीलम फोनवर म्हणाली, ‘बाई, त्या पायाचा रस्सा मागायल्यात.’ कोणी केला म्हणून काय विचारतोस? नीलम तिथे उशाशी बसलेली — मीच केला. ती फोनवर सांगत गेली तसा, माझ्याच ओट्यावर, नाकाला पदर लावून. गावात बोलू नकोस.

काय म्हणालास? माझ्या घरी तरी कुठे चालत होते? घराची गोष्ट निराळी. घर माझे, तिथे माझा नियम. तू गाडी भाड्याने फिरवतोस, सरकारचा शिक्का घेऊन — हा फरक तुला कळायला हवा.

टपावर? डबा टपावर बांधतोस आणि मी आत बसू?

थांब. सरजाबाई पहिल्या दिवशी आली तेव्हा तिच्या हातात जेवणाचा डबा होता. मी म्हणाले, डबा पायरीवर ठेव, तू आत ये. अगदी असेच, चांगल्या शब्दांत. ती कामाला आत आली, जेवायला कधी आली नाही. एकतीस वर्षे पायरीवर जेवली — पावसात डोक्यावर पोते घेऊन. मी बोलावले नाही असे नाही, एकदोनदा — नाही. नाही बोलावले.

दार उघड. डबा टपावर जाणार नाही. मी पाचची एस.टी. धरते, सहाच्या आत पोहोचले तर पोहोचले. हात नको, उतरता येते मला. आता तुझ्या गाडीत काही नाही. जा.