व्हिसावाल्यांचा फोन

आमच्या आईच्या संशयाले औषधच नाही, गड्या. आई-बाबांनी जपान फिराले जायसाठी व्हिसाचा अर्ज केला होता. एक दिवस चरोदा गावच्या आमच्या घरी आईले फोन आला. पलीकडच्यानं बाबांचं नाव अन् जपानले जायची तारीख सांगून विचारलं, "हे इथंच राहतात ना?"

"या नावाचं इथं कोणी राहत नाही!" आईनं फोनच कापला.

समोरच चहा पिऊन राहिलेले बाबा म्हणाले, "कोण होता?"

"चोर! आपली जायची तारीखही माहीत होती त्याले."

बाबांचा कप हातातच थांबला. "अवो, तारीख तर फक्त व्हिसावाल्यायले सांगितली होती!"

आईनं लगेच उलटा फोन लावला. "भाऊ, राहतात ते इथंच. आत्ताच राहाले आले."

दोघांचाही व्हिसा आला. आई म्हणे, "एवढं खोटं बोलली तरी देला? मले हे लोक बरोबर नाही वाटत."