चाकांची बॅग

आजच्या समारंभाच्या अध्यक्ष, आपल्या विभागप्रमुख मॅडम, व्यासपीठावरचे सन्माननीय पाहुणे, माझे सहकारी, विद्यार्थी मित्रहो, आणि पहिल्या रांगेतून ‘आटोपतं घ्या’ अशी खूण करणाऱ्या आमच्या सौभाग्यवती,

निरोपाचं भाषण मला नवं नाही. आपल्या विभागात कोणीही निघालं की बोलायला मलाच उभं करतात. आज फक्त निरोप माझा आहे. प्रयोगशाळा व्यवस्थापकाच्या ज्या खुर्चीत केस पांढरे झाले, ती आज सोडतोय. पण खरं सांगू? मला रडू येत नाहीये. सकाळपासून माझे पाय जमिनीवर नाहीत. का, ते ऐका.

आपल्याकडे एक संशोधक आहे. प्रकल्पाला निधी असेल तोवर तिला नोकरी, निधी संपला की ती घरी. म्हणून आम्ही तिला ‘पाहुणी’ म्हणतो. पहिल्यांदा ती निघाली तेव्हा वर्गणी काढून आम्ही तिला चाकांची बॅग दिली. मी अगदी गहिवरून वगैरे बोललो. थोड्याच दिवसांत निधी वाढला आणि ही बाई तीच बॅग ओढत दारात हजर. म्हणाली, “काका, ही कपाटात ठेवा. पुढच्या वेळचा खर्च वाचेल.” खरंच वाचला. त्यानंतर दर निरोपाला आम्ही तिला तीच बॅग दिली, आणि भाषणही, आता लपवून काय करू, जवळजवळ तेच केलं.

या वर्षी मात्र निधी कायमचा बंद झाला. दूरच्या एका विद्यापीठात तिला संशोधनाची जागा मिळत होती. पण नवऱ्याचं काम इथे, मुलीची शाळा इथे. मुलगी तिला म्हणाली, “म्हणजे तू फक्त सुट्टीतली आई होणार?” हे सांगताना पाहुणी परीक्षानळी पुसत होती. पुसून झालेली नळी ती पुसतच राहिली.

त्याच आठवड्यात माझ्या जागेची जाहिरात फलकावर लागली. मी म्हटलं, “अर्ज कर.” तिच्या प्रकल्पाच्या सरांनी नाक मुरडलं. (हो सर, तुम्हीच. हसताय काय?) म्हणाले, “पीएच.डी. करून बाटल्या मोजणार?” ती म्हणाली, “मोजून झाल्या की माझा प्रयोगही करीन, सर. तुम्ही नाही म्हणाल का?” सर दोन दिवस रुसले, मग स्वतःच शिफारसपत्र लिहून घेऊन आले. मुलाखत तिची होती, घाम मला फुटला.

आज सकाळी मॅडमनी निकाल सांगितला. पाहुणीची निवड झाली आहे. कायमची.

आणि थांबा, संशोधन सहायकाची एक आणि भांडारातली एक, अशा आणखी जागा फलकावर आहेत. ‘आपल्याला कोण घेतंय’ म्हणत घरी बसलेली भाची, पुतण्या कोणाकडे असेल, तर उद्याच पाठवा.

मॅडम, आपले आणि सर्वांचे मनापासून आभार. कामाच्या धांदलीत माझा आवाज कोणावर चढला असेल, तर ते आज इथेच विसरून जा.

टेबलामागे लपवलेली भेट मला मघाशीच दिसली. चाकं ओळखीची आहेत. आणा ती इकडे. पाहुणी, तूही वर ये. ही घे कपाटाची किल्ली. बॅगेच्या जागी आता तुझा डबा ठेव. बॅग मी नेतोय, आणि या वेळी ती परत येणार नाही.