भाट बुडाला

कडा गावच्या करोडगिरी नाक्यावर जकातीची रांग हलता हलेना. हरिबा मेंढरं सावरत उभा होता, पण कान मागं होते. मागं दोघी बाया होत्या. एक कड्याचीच भामाबाई, दुसरी सडकेच्या कामावरच्या मिस्तरीची बायको, कोकणातली यहुदी राहेलबाई.

“तुमी इस्राएली म्हनं. मंग तुमचा भाट कोन? आमचा सुगी झाली की येतो, समद्या पिढ्या म्हनून दाखवितो.”

“आमचा भाट बुडाला हो.”

“अगं बया! कशात?”

“दर्यात. पूर्वजांचं गलबत कोकणच्या किनाऱ्याशी फुटलं. मोजकी माणसं वाचली. वंशावळ्या गेल्या.”

“मंग कूळ कसं कळायचं?”

“शास्त्रात बारा कुळं आहेत आमची. अमक्याचा मुलगा तमका, पानंच्या पानं. पेणला आजोबा दिव्यापाशी बसून वाचायचे. मी विचारायची, आजोबा, यातलं आपलं कुठलं?”

“काय म्हनायचे?”

“वात पुढं सारायचे आणि पुढचं नाव घ्यायचे. एकही गाळायचे नाहीत.”

“ठावंच न्हाई, तर कावून वाचायचं समदं?”

“गाळलेलंच आपलं निघालं तर?”

तेवढ्यात हरिबाची पाळी आली.

“नाम?” मुन्शीनं विचारलं.

एरवी हरिबा नुसतं आपलं नाव सांगून मोकळा व्हायचा.

“हरिबा. म्हाळूचा हरिबा. खंडूचा म्हाळू. येसूचा खंडू. बिरूचा येसू...”

“बस बे, बस!”

“मुन्शीजी,” मागून राहेलबाई म्हणाली, “थांबवू नका हो त्यांना.”