बाकाकडे तोंड करून

हॅम्बर्गच्या बसथांब्यावर स्वरूपाच्या मागे मराठी बोलणं चाललं होतं. पाठीला फुगवायची ट्यूब बांधलेला जावई आणि बाजाराची पिशवी घेतलेल्या सासूबाई.

"नोव्हेंबरात तळ्यात बसता, मयुरेश?"

"रबरी पँट असते, आई. थंडीत बार्श मासे खोल जातात. मग ट्यूबमध्ये बसून, पायांत बदकासारखे पंजे घालून गळ टाकायला मध्यापर्यंत उलटं जायचं."

"उलटं? मग दिसतं काय?"

"मागे राहिलेला काठ. धुक्यात विरत जाणारा. नीता तिथल्या बाकावर बसून हात हलवत राहायची."

"वर्ष होईल माझ्या लेकीला जाऊन. आता?"

"थर्मास मीच भरतो. बाक दिसतो."

बस आली.

"बाजार राहू दे. थर्मास द्या इकडे, तुमच्याच थांब्यावर उतरते मी."

स्वरूपाने मागे वळून पाहिलं नाही.