दिल्याने राखून ठेवलेले पॉइंट

तुम्ही हसाल, पण एका कॉम्प्युटर गेमवरून मी आजही दिल्याशी धड बोलत नाही. दिल्या म्हणजे माझा लासलगावचा मित्र, घरचा कांद्याचा व्यापार. दोन हजार सालाच्या आसपास नाशिकरोडला माझ्या घरी आम्ही दोघं मिळून एक राज्य चालवायचो. आधी आमची चाल, मग कॉम्प्युटरची. लढाया मी करायच्या आणि मिळालेल्या पॉइंटमधून सैन्याला अपग्रेड दिल्याने घ्यायचं, अशी वाटणी.

त्या रविवारी शत्रू राजधानीच्या वेशीवर आला, आणि आमच्या भालेवाल्यांकडे साधी ढाल नाही!

"दिल्या, ढाली घे!"

"थांब रे. पुढच्या चालीला चिलखत खुलेल."

चिलखत खुललं. "आता तरी घे!"

"आत्ता कशाला? नंतर घोडे येतील. घाईत सौदा केला की माणूस फसतो."

"अरे गाढवा, तट पडला!"

मी असा ओरडलो, की एकलहऱ्याच्या वीजकेंद्राच्या चिमणीचा धूर जागच्या जागी थांबला. खोटं वाटत असेल तर तिथल्या कामगारांना विचारा. दिल्याने मात्र माऊस सोडला नाही. म्हणाला, "समोरचा असा ओरडायला लागला की समजायचं, भाव अजून चढणार."

पुढच्याच चालीत कॉम्प्युटरने राजवाडा जाळला. अख्ख्या हिवाळ्यात उभं केलेलं राज्य गेलं. मी संतापून माऊसची वायरच उपटली.

दिल्याने शांतपणे पडद्याच्या कोपऱ्याकडे बोट दाखवलं.

"चिडतोस काय? पॉइंट बघ की. एकसुद्धा वाया गेलेला नाही."