दुसऱ्या गोलकीपरची बायको

सनोबरखाला: चहा राहू दे. आधी सांग, परवा माझ्या घरी माझ्या एल्योरच्या हातांबद्दल तू काय बोललीस?

मुहय्यो: मी? कौतुकच केलं की, खाला.

सनोबरखाला: शब्द सांग. जसेच्या तसे.

मुहय्यो: 'काय हात आहेत, फावडीच जणू! अख्खा गोल झाकतात.' एवढंच.

सनोबरखाला: आणि पुढे?

मुहय्यो: पुढे काय? पुढे तुम्ही पुलाव वाढलात.

सनोबरखाला: पुढे 'नजर न लागो' म्हणायचं असतं, पोरी. तीन शब्द. दस्तरखानाभोवती सात जणी बसलो होतो, बाकी सहाही जणींच्या लक्षात आलं की तू ते गिळलेस. आणि आज सकाळी सरावात पोराचं बोट निखळलं. उजव्या हाताचं, मधलं. वांग्यासारखं सुजलंय.

मुहय्यो: बोट चेंडूनं निखळलं. माझ्या जिभेनं नाही.

सनोबरखाला: चार वर्षं क्लबचा गोल सांभाळतोय तो, कधी नखाला धक्का लागला नाही. उद्या परतीचा सामना. तिकडे दोहाला एक-एक अशी बरोबरी करून आलेत. उद्या जिंकले तर उपांत्य फेरी, हरले तर गाशा गुंडाळायचा. आशियाच्या स्पर्धेत आपलं तेर्मेज बाद फेरीत इथवर कधी पोचलं होतं का? माझा नवरा बघायचा राहिला बिचारा. आणि नेमकं आजच बोट निखळावं?

मुहय्यो: मग डॉक्टरकडे जा ना. माझ्याकडे कशाला आलात?

सनोबरखाला: जाऊन आले. तो म्हणतो, संध्याकाळपर्यंत सूज उतरली तर पट्टी बांधून खेळेल. म्हणून हे आणलंय. धर.

मुहय्यो: काय हे?

सनोबरखाला: इसिरिकच्या वाळल्या पाल्याची जुडी, माझ्या माहेरच्या डोंगरातली. आणि हे त्याचे हातमोजे. जिची नजर लागली तिनंच आपल्या हातानं धुरी द्यायची, मग उतरते. तवा तापव.

मुहय्यो: म्हणजे माझीच लागली, हे ठरवूनच आलात.

सनोबरखाला: सातातल्या बाकी सहा जणींचे नवरे गोलकीपर नाहीत.

मुहय्यो: आणि नाही दिली धुरी तर?

सनोबरखाला: तर उद्या तुझा तोलिब खेळेल. तेच हवंय ना तुला?

मुहय्यो: हो, हवंय! बास? तेच हवंय मला! तुमच्या एल्योरचं बोट मोडावं असं नव्हतं म्हटलं मी, शपथ. पण त्याला ताप यावा, पोट बिघडावं, पासपोर्ट हरवावा, असं मात्र म्हटलंय. कितीदा तरी.

सनोबरखाला: आलं एकदाचं पोटातलं ओठावर.

मुहय्यो: येऊ दे. खाला, क्लबनं आपल्याला शेजारशेजारच्या बाल्कन्या दिल्यात. तुमच्या दोरीवर एल्योरचा शर्ट, कोपराला गवत, छातीला चिखल. तुम्ही तीनतीनदा घासता आणि जिन्यात भेटेल तिला सांगता, 'मेला डागच निघत नाही.' आणि माझ्या दोरीवर काय? ज्या शर्टाला घामाचासुद्धा वास नाही, तो मी चार वर्षं धुतेय.

सनोबरखाला: काहीतरीच. तोलिबच्या शर्टावर पण डाग असतात. मी बघते ना. बहिणीला म्हटलंसुद्धा, बाकावर बसून हा पोरगा मळतो तरी कसा!

मुहय्यो: मी लावते ते डाग.

सनोबरखाला: काय?

मुहय्यो: अंगणातल्या जर्दाळूखालची माती. ओली करायची, छातीला नि कोपराला चोळायची, वाळू द्यायची. मग धुताना साबण जरा कमीच लावते. सगळा डाग निघाला तर काय उपयोग?

सनोबरखाला: या अल्ला.

मुहय्यो: हसा, पोट धरून हसा.

सनोबरखाला: हसत नाहीये मी. तोलिबला ठाऊक आहे?

मुहय्यो: ते समजतात, मशीन बिघडलंय. दोनदा उघडून पाहिलंय त्यांनी.

सनोबरखाला: बस इथे. ऐक. माझा एल्योर पण तीन वर्षं बाकावर होता, तेव्हाच्या पहिल्या गोलकीपरच्या, तुराबच्या मागे. तू तेव्हा इथे नव्हतीस. तेव्हा मी काय करायचे, माहितीये? दर सामन्याच्या सकाळी तुराबला खिम्याचे गरम सोम्से पाठवायचे. मेंढीच्या शेपटीची चरबी डबल घालून.

मुहय्यो: का?

सनोबरखाला: जड व्हावा म्हणून. त्याची बायको डोळ्यांत पाणी आणून म्हणायची, 'किती माया करता हो खाला.'

मुहय्यो: मग? झाला जड?

सनोबरखाला: न व्हायला काय झालं! शेवटी शेवटी खालचा चेंडू आला की नुसता बघत राहायचा. एल्योरला जागा काय आपोआप मिळाली? तेव्हा मला जळण्याचं शिकवू नकोस, मी त्यात म्हातारी झाले. पण तुराबचा हात नाही मोडला मी. आता ऊठ, दे धुरी. आणि मनापासून दे. खोटी दिलीस तर धुरावरून कळतं.

मुहय्यो: कसं कळतं?

सनोबरखाला: डोळ्यांत जातो.

मुहय्यो: ...घ्या, पेटली. काय म्हणू?

सनोबरखाला: मोजे वर धर, उजवा आधी. म्हण, 'माझी नजर, परक्याची नजर, घरच्याची नजर, सगळी जळून जाऊ दे. ज्याच्या हातात हे मोजे, त्याचा हात राखला जाऊ दे.'

मुहय्यो: माझी नजर, परक्याची नजर, घरच्याची नजर, सगळी जळून जाऊ दे. ज्याच्या हातात हे मोजे, त्याचा हात राखला जाऊ दे.

सनोबरखाला: डोळ्यांत पाणी का तुझ्या?

मुहय्यो: धुराचं नाहीये ते. खरंच नाही. मनापासून म्हटलं मी.

(दार वाजतं. तोलिब आत येतो.)

तोलिब: केवढा धूर हा! सलाम, खाला. बरं झालं इथेच भेटलात. तुमच्याकडेच येत होतो.

सनोबरखाला: उतरली ना सूज? आत्ताच उतरायला हवी.

तोलिब: नाही, खाला. बोट वळतच नाही. मीच पट्टी बांधली त्याच्या. चेंडू धरून पाहिला दोनदा, दोन्हीदा सुटला. मग स्वतःच जाऊन कोचला म्हणाला, तोलिबला खेळवा.

मुहय्यो: तुम्हाला?

तोलिब: हो. उद्या मी. काही बोल की. चार वर्षं वाट बघतेयस.

मुहय्यो: खाला बसल्यात ना.

सनोबरखाला: माझ्यासाठी तोंड आवळू नकोस, फुटायला झालंय ते. रडत होता का रे एल्योर?

तोलिब: थोडा. मग म्हणाला, माझे मोजे घालून खेळ. आईनं घरी नेलेत, मागून घे. हेच ना?

सनोबरखाला: हेच.

मुहय्यो: खाला, राहू दे. यांचे स्वतःचे आहेत की.

सनोबरखाला: तू थांब. पोरानं शब्द दिलाय. धर रे, घालून बघ.

तोलिब: जरासे सैल आहेत.

सनोबरखाला: असणारच. माझ्या एल्योरचे हात मोठे. मनगटाची पट्टी ओढून घे... हं. शोभतात हो. गोलात उभा राहिलास की भरदार दिसशील.

मुहय्यो: खाला?

सनोबरखाला: काय?

मुहय्यो: पुढचं.

सनोबरखाला: म्हणते गं बाई, श्वास तरी घेऊ दे. नजर न लागो. ऐकलंस? तिन्ही शब्द म्हटले. चला, निघते. पोरगा एकटा आहे घरी. आणि तोलिब, उद्या सकाळी काही खाऊन निघू नकोस.

तोलिब: का?

सनोबरखाला: गरम सोम्से पाठवते. माझ्या हातचे. भरपूर.

तोलिब: कशाला त्रास घेता, खाला!

सनोबरखाला: त्रास कसला त्यात. दार लावून घ्या.

तोलिब: पाहिलंस? पोराची जागा गेली, तरी किती माया करतात.

मुहय्यो: सोम्से मी खाईन. तुम्ही फक्त उद्या शर्ट मळवून आणा.